फोन बाईंच्याच हातात राहू द्या

प्रत्येक शाळेत असा एक जण असतो. प्रोजेक्टरवर निळा पडदा आला, ओटीपी येईना, कुणाच्या फोनमधून गॅदरिंगचे फोटो गायब झाले, की स्टाफरूममधून हाक त्यालाच जाते: "जरा बघता का?" आपल्याकडे त्याला तंत्रस्नेही शिक्षक म्हणतात. ही माळ गळ्यात कधी पडली ते कळत नाही आणि काढता तर मुळीच येत नाही. मी पुण्यात पर्वती टेकडीच्या पायथ्याजवळच्या एका मराठी शाळेत सत्तावीस वर्षं गणित आणि भूगोल शिकवला. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, माळ अजून गळ्यातच आहे. आठवड्यातून दोन दिवस, पेठांपासून धनकवडीपर्यंत जिथून बोलावणं येईल त्या शाळेत जाते आणि शिक्षकांबरोबर बसते. वर्गात फोन, प्रोजेक्टर, संगणक कसा आणायचा आणि आणला तर मुलांच्या पदरात त्यातून काय पडेल, एवढंच माझं काम.

हे लिहिते आहे ते त्या "जरा बघता का"वाल्यांसाठी. मुलांना शिकवणं तुम्हाला येतंच. वीस वर्षं शिकवत आलेल्या माणसाला काही शिकवायचं ही मात्र वेगळी कला आहे, आणि ती मला फार उशिरा, बरीच माती खाऊन आली.

माझं पहिलं प्रशिक्षण शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर झालं. हॉलमध्ये चाळीसेक शिक्षक, सगळ्यांच्या पोटात कावळे. माझ्या बासष्ट स्लाइड आणि अकरा ॲप. मी झरझर दाखवत होते, लोक माना डोलावत होते. शेवटी टाळ्या, गुलाबाचं फूल, सामोसा. महिन्याभराने चौकशी केली तर अकरांपैकी एकही ॲप कुणाच्या वर्गापर्यंत पोचलेलं नव्हतं. विज्ञानाचे एक सर तेवढे प्रामाणिक निघाले. म्हणाले, "बाई, तुम्ही मोबाईलमध्ये काय छान करता हो!" त्या कौतुकातच सगळं आलं. तीन तास मीच करत होते, बाकीचे बघत होते.

आधी वैताग विचारा

"तुम्हाला काय शिकायचंय?" असं कुणाला विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: "येतं हो सगळं," किंवा "माझं काय आता, चारच वर्षं राहिली." त्यापेक्षा ऑफ तासाला शेजारी जाऊन बसा, चहा मागवा आणि विचारा, "या आठवड्यात कशाचा वैताग आला?" मग बोलणं थांबत नाही.

संस्कृतच्या एका बाईंचा वैताग होता पाठांतर तपासण्याचा. वर्गात चोपन्न मुलं. एकेकाला उभं करून श्लोक म्हणून घ्यायचा तर तीन तासिका जातात आणि बाकीची त्रेपन्न तोवर दंगा करतात. आम्ही ठरवलं की मुलांनी घरून आईच्या किंवा बाबांच्या फोनवर श्लोक रेकॉर्ड करून पाठवायचा. बाई स्वारगेटहून पीएमपीच्या बसने कात्रजला जातात. कानात वायर घालून बसतात आणि घर येईपर्यंत बारा-पंधरा मुलं ऐकून होतात. गंमत पुढेच आहे. मुलं पहिल्या फटक्यात पाठवत नाहीत. स्वतःचं ऐकतात, चूक सापडते, पुसतात, पुन्हा म्हणतात. एका मुलीने नऊ वेळा म्हटल्यावर पाठवलं. बाईंनी वर्गात तिला नऊ वेळा म्हणायला लावलं असतं तर आई भांडायला आली असती.

मराठीच्या एका सरांचा वैताग प्रश्नपत्रिकेचा. ते हाताने लिहायचे, अप्पा बळवंत चौकाजवळ टाईप करायला द्यायचे, मुद्रितं तपासायला दोन खेपा घालायचे. फाईल पेनड्राइव्हवर शाळेत आणली की जुन्या फॉन्टमुळे पडद्यावर नुसती भुतं. (ज्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तिथल्या शाळांत चाचणीच्या आदल्या दिवशी 'ज्ञ' कसा उमटवायचा यावर अजून बैठक बसते. असो.) सरांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. फोनच्या कीबोर्डवर माईकचं चित्र आहे, ते दाबून मराठीत बोला. आणि जे काही कराल ते युनिकोडमध्ये ठेवा, म्हणजे कुठल्याही मशिनवर तसंच दिसेल. सरांचा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. प्रश्न बरेचसे बरोबर उतरले. विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ हाताने सुधारावे लागले, पण ते काम मराठीच्या माणसाला आवडतंच.

असे आठ-दहा वैताग ऐकलेत की एक गोष्ट ध्यानात येईल. शिक्षक तंत्रज्ञानाला घाबरतात ही अफवा आहे. त्यांना त्याचा कंटाळा आलाय. वर्षानुवर्षं फोनवर येतं काय, तर "माहिती आजच दुपारी दोनपर्यंत भरावी." २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी अपेक्षा आहे. अपेक्षा चांगलीच आहे, पण समोरच्याकडे आज पन्नास मिनिटंही नाहीत हे विसरू नका. म्हणून माझा हिशोब असा: पहिल्या महिन्यात त्या शिक्षकाचा आठवड्याला अर्धा तास वाचवून द्यायचा. मुलांसाठी नवं काही करा, हे त्यानंतर बोलायचं. अर्धा तास परत मिळालेला माणूस तुमचं ऐकतो.

हात मागे

ही सगळ्यांत अवघड गोष्ट. तुम्ही शेजारी बसलात की बाई फोन तुमच्या हातात देणार: "तुम्हीच करा ना पटकन." घ्यायचा नाही. मी सरळ हात मागे बांधून उभी राहते, प्रार्थनेला उशिरा आलेल्या मुलासारखी. बोटानेही पडद्याला शिवायचं नाही. "वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात का?" एवढंच तोंडाने. एका बाईंना शेअरचं चिन्ह सापडायला चार मिनिटं लागली. चार मिनिटं किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. मी खिडकीतून गुलमोहर बघत राहिले. पुढच्या वेळी त्यांना चार सेकंद लागले.

सुरुवात कशापासून करावी? पुसण्यापासून. बहुतेकांच्या मनात एकच धाकधूक असते, "काहीतरी दाबलं जाईल आणि सगळं जाईल." म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांनाच त्यांचा एक बिनकामाचा फोटो पुसायला लावते आणि मग कचराकुंडीच्या फोल्डरमधून परत आणायला लावते. गेलेलं परत येतं हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की खांदे खाली येतात. मग पुढचं शिकणं भराभर होतं.

कृती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगा, टाचण वहीच्या मागच्या पानावर. एका बाईंनी लिहिलं होतं, "हिरवं डबडं उघडणे, अधिक दाबणे, मग शेपटीवाला बाण." मला वाचून काही कळलं नाही. त्यांना पहिल्या खेपेलाच जमलं. तुमची छापील सूचनापत्रकं घरी ठेवा.

आणखी दोन बारीक गोष्टी. खातं त्या शिक्षकाच्या नावानेच उघडायचं. अनेक शाळांत सगळं तंत्रस्नेही सरांच्या खात्यावर चालतं; सरांची बदली झाली की तीन वर्षांचं साहित्य त्यांच्याबरोबर जातं. आणि पासवर्ड टाकताना तुम्ही तोंड फिरवायचं. ती सभ्यता आहे.

मग त्यांच्या वर्गात जायचं. पहिल्या पाठाला मी शेवटच्या बाकावर बसते. पाठ फसायला लागला तरी उठत नाही. आधीच खूण ठरलेली असते: बाई म्हणाल्या, "जरा वायर बघता का?" तरच उठायचं. चाळीस मुलांसमोर बाहेरून आलेल्या कुणीतरी पुढे होऊन बटण दाबलं, की वर्गाने जे समजायचं ते समजलेलं असतं. त्यापेक्षा वर्गातल्याच दोघा मुलांना वायरींचं काम द्या. त्यातही नेहमीची हुशार मुलं नकोत. जी बाकावर स्वस्थ बसूच शकत नाहीत ती घ्या.

खोली बघितल्याशिवाय पाठ ठरवू नका

प्लग कुठे आहे आणि चालतो का? पश्चिमेची खिडकी आहे का? असेल तर दुपारच्या तासांना पडद्यावर काही दिसणार नाही. स्मार्ट टीव्हीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? (मुख्याध्यापकांकडे, आणि ते मीटिंगला गेलेले असतात.) लॅपटॉपला एचडीएमआयची वायर लागते का जुनी निळ्या टोकाची? स्पीकर आहे का? शेवटच्या बाकावर स्वतः जाऊन बसा आणि पडद्यावरचं अक्षर वाचून बघा. तिथून वाचता येत नसेल तर ते निम्म्या वर्गाला नाहीच.

पुण्यात असाल तर गुरुवारी असा पाठ ठेवू नका. देखभालीसाठी वीज जायची ती गुरुवारीच, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

इंटरनेट नाही असं धरूनच तयारी करा. जे दाखवायचं ते आदल्या दिवशी उतरवून ठेवा. टाचणाच्या तळाशी एक ओळ लिहून घ्या: "नाही लागलं तर फळ्यावर काय." माझी मर्यादा पाच मिनिटांची. पाच मिनिटांत सुरू झालं नाही तर वायर सोडा, खडू उचला. मुलं अंधारात वाट बघत बसली की पाठ मेलाच.

फळा कुठे कमी पडतो?

शिक्षकांबरोबर पाठ निवडताना हाच प्रश्न धरून चाला. विद्युतपरिपथात प्रवाह कसा वाहतो, हे फळ्यावर बाण काढून दिसत नाही. तिथे कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' ही सिम्युलेशन्स उपयोगी पडतात. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. फुकट आहे, बरीच सिम्युलेशन्स मराठीत मिळतात आणि उतरवून घेतली तर नेटशिवाय चालतात. भूगोलात नकाशा हाच फळ्याचा शत्रू. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ पडद्यावर लावून सह्याद्रीवर झूम केलं, की चौथ्या रांगेतल्या मुलालाही घाट दिसतो. एवढ्या साध्या गोष्टीला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही, पण मला तिच्याइतकं काही उपयोगी पडलेलं नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. ते आधी स्वतः पूर्ण बघा, मग त्यातली दोन मिनिटं निवडा. वीस मिनिटांचा व्हिडिओ लावून वह्या तपासत बसणारे शिक्षक मी पाहिलेत. मुलंही ते बरोबर ओळखतात.

आणि जिथे खरी वस्तू हाताशी आहे तिथे पडदा लावूच नका. अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरून मुलांना भूमिती दाखवली. त्रिकोण दाबला तर हलत नाही आणि चौकोन लगेच कलतो, हे बोटांना कळायला हवं. स्क्रीनवरचा चौकोन कलताना बघून ते कळत नाही. माझ्या पिशवीत पेनड्राइव्हबरोबर व्हॉल्व्ह ट्यूबचं भेंडोळं कायम असतं.

धरणाचा तक्ता

आता ज्यासाठी मला सगळ्यात जास्त बोलावणी येतात ते. सातवी-आठवीला, जून ते सप्टेंबर, रोज पाच-सात मिनिटं. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला साखळीत चार धरणं आहेत आणि त्यांची साठवण क्षमता अशी: टेमघर ३.७१ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७. बेरीज २९.१५. पावसाळ्यात चारही धरणांचा साठा वर्तमानपत्रात रोज येतो. दोन मुलं तो सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात आणि टक्केवारी वर्ग हाताने काढतो. पहिले पंधरा दिवस एवढंच. संगणकाला हातही लावायचा नाही.

पंधरा दिवसांनी फळ्याचा कोपरा पुरेनासा होतो. "बाई, मागचं पुसावं लागतंय." ही हाक मुलांकडून यायला हवी, तोवर थांबायला त्या शिक्षकांना सांगा. मग स्प्रेडशीट उघडायचं. गरज आधी आणि साधन मागून आलं, की शिकवावं फार कमी लागतं. आडव्या ओळीत तारीख, उभ्या रकान्यात चार धरणं, आणि शेजारी टक्केवारी: आजचा साठा भागिले क्षमता गुणिले शंभर. हे सूत्र एकदा लिहून खाली ओढलं की वीस दिवसांची टक्केवारी एका क्षणात येते. ज्या मुलांनी पंधरा दिवस हातांनी भागाकार केलेत त्यांच्या तोंडचा "आईशप्पथ!" ऐकण्यासारखा असतो.

मग आलेख. इथे एका वर्गात जे झालं ते मी प्रत्येक शिक्षकाला सांगते. जुलैच्या अखेरीला मुलांनी टक्केवारीचे स्तंभ काढले. खडकवासला शंभर टक्के, सगळ्यांत उंच. टेमघर साठ टक्क्यांच्या आसपास. वर्गाचा निष्कर्ष: सगळ्यांत जास्त पाणी खडकवासल्यात. आलेख सुंदर, रंगीत, नावं ठळक, आणि अर्थ साफ चुकलेला. भरलेल्या खडकवासल्यात १.९७ टीएमसी, साठ टक्के टेमघरात त्याहून जास्त, २.२ टीएमसी. वरसगाव नुसतं वीस टक्के भरलं तरी ते खडकवासल्याला मागे टाकतं. त्या बाई मुलांना लगेच चूक सांगणार होत्या. मी शेवटच्या बाकावरून नुसती मान हलवली. त्यांनी प्रश्न टाकला, "मग वाटी भरली म्हणजे कळशीपेक्षा जास्त पाणी का रे?" वर्ग दोन तट पडून भांडला. टक्का कशाचा, हे त्या भांडणातून जसं पक्कं झालं तसं माझ्या सत्तावीस वर्षांत फळ्यावर कधी झालं नव्हतं.

'एकविसाव्या शतकातली कौशल्यं' म्हणून परिपत्रकांत जी लांबलचक यादी येते, ती मला अशा भांडणात सापडते. मुलं आकडे गोळा करतात, त्यांच्यावर शंका घेतात, दुसऱ्याला पटवतात, स्वतःचं चुकलं तर आलेख पुन्हा काढतात. यादी भिंतीवर लावायची गरज राहत नाही.

धरणातून पाण्याचा विसर्ग सुरू झाला की आणखी मजा. बातमीत क्युसेक येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. मग मुठा नदीत किती क्युसेक सोडले तर दिवसभरात एक टीएमसी पाणी जाईल? दिवसाचे ८६,४०० सेकंद. उत्तर येतं साधारण ११,५७४. हे उत्तर मुलांनी काढायचं, शिक्षकांनी नाही, आणि तुम्ही तर नाहीच. नंतर मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की मुलं क्युसेकचा आकडा बघून माना हलवतात, पाटबंधारे खात्यातून नुकतीच निवृत्त झाल्यासारखी.

याच तक्त्याला इतिहास जोडता येतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. त्या दिवसाची आठवण असलेली माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. मुलांनी घरातल्या किंवा वाड्यातल्या आजी-आजोबांना गाठून दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं. तीन प्रश्न आधी कागदावर लिहून, वर्गात वाचून, सुधारून घ्यायचे. "पूर आला तेव्हा कसं वाटलं?" हा प्रश्न मी बाद करते, त्याला "वाईट वाटलं" याशिवाय उत्तर नाही. "पाणी तुमच्या घरात कुठपर्यंत आलं, हाताने दाखवा" हा चांगला प्रश्न. एका वर्गात शेजारशेजारच्या घरांतल्या दोन आज्यांच्या सांगण्यात चांगला पुरुषभर फरक निघाला. मुलं वैतागली, "खरं कोण बोलतंय?" मग त्यांनी शोध घेतला, एक घर चढावर होतं, दुसरं नदीच्या अंगाला. दोघीही खरंच बोलत होत्या. रेकॉर्डिंगच्या ॲपचं नाव आज मला आठवत नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही.

फोन एक, मुलं चाळीस

मुलांकडे उपकरणं नाहीत ही सबब खरी आहे, पण तिथे अडून बसू नका. 'प्लिकर्स' म्हणून एक प्रकार आहे. प्रत्येक मुलाला छापलेलं एक कार्ड, त्यावर काळी चौकोनी नक्षी. प्रश्नाचं उत्तर जे असेल तशी कार्डाची बाजू वर धरायची. शिक्षक आपला फोन वर्गावरून फिरवतात आणि कुणाचं काय उत्तर ते नोंदलं जातं. हात वर करण्यापेक्षा हे बरं, कारण प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्याने शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवता येत नाही. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, कॅमेरा उजेडाने आंधळा होतो. साध्या जाड कागदावर छापा. आणि निम्म्या वर्गाचं उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर सांगू नका. शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायला लावा आणि पुन्हा कार्डं वर घ्या.

गटाला एक टॅब असेल तर तो ज्याच्या हातात आहे त्याने बोलायचं नाही, बाकीच्यांनी सांगायचं आणि त्याने करायचं. म्हणजे माझाच हात मागे बांधायचा नियम, उलटा करून.

एआय आणि पर्वतीच्या पायऱ्या

हा प्रश्न हल्ली सगळीकडे येतो: मुलं निबंध एआयकडून लिहून आणतात, काय करायचं? मी पर्वतीला पाठवते. एका शाळेत आम्ही तीन गटांना एकाच एआय सहायकाला विचारायला लावलं, पर्वतीला पायऱ्या किती? तिन्ही गटांनी प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. उत्तरं एकसारखी आली नाहीत. ठामपणा मात्र एकसारखा होता. पुस्तकांत सहसा १०३ छापलेलं असतं. मग शनिवारी शाळा सुटल्यावर सगळी वरात पर्वतीवर. मुलांनी मोजलं, तर त्यांच्यातही एकमत नाही! सपाट टप्पा धरायचा का? कमानीपाशी जी अर्धी पायरी आहे ती मोजायची का? परत येऊन त्यांनी आधी 'पायरी' कशाला म्हणायचं ते लिहिलं आणि नंतर आकडा. यानंतर त्या वर्गातली मुलं यंत्राला विचारायची थांबली नाहीत, पण वहीत उत्तराखाली "कुठे पडताळलं" अशी ओळ लिहायला लागली. ती ओळ बाईंनी सक्तीची केली होती हेही सांगते. सगळं आपोआप होत नाही.

शिक्षकांनी एआयकडून प्रश्न काढून घ्यायला माझी हरकत नाही, वेळ वाचतो. मात्र मराठी मोठ्याने वाचून बघा. पुष्कळदा वाक्यं इंग्रजी साच्यातली असतात, आणि तीच मुलांच्या कानावर बसतात.

फोटोंबद्दल थोडक्यात. पाठ चांगला झाला की लगेच मुलांचे चेहरे ग्रुपवर पडतात, नाव, इयत्तेसकट. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. पालकसभेत सही घ्या, आणि त्यापेक्षा सोपं म्हणजे मुलांच्या पाठीमागून, वह्यांचे, हातांचे फोटो काढा. ते दिसतातही छान.

पुन्हा जा

पंधरा दिवसांनी परत गेल्याशिवाय तुमचं काम झालं नाही. "वापरता ना?" असं विचारलंत तर "हो" ऐकू येईल. टाचण वहीचं मागचं पान बघू द्या म्हणा. तिथे नव्या ओळी वाढल्या असतील तर काम चाललंय. पान होतं तसंच असेल तर वैताग चुकीचा निवडला होता. पुन्हा चहा मागवा.

आणि काही जण नाहीच म्हणतील. आमच्या शाळेतले गणिताचे एक सर, निवृत्तीला दोन वर्षं, साधा बटणांचा फोन वापरणारे. फळ्यावर हाताने काढलेलं त्यांचं वर्तुळ कंपासला लाजवायचं. मी एकदाच विचारलं, ते एकदाच नको म्हणाले, आणि मी तो विषय सोडला. त्यांच्या वर्गातलं एकही मूल गणिताला भीत नव्हतं. पण ऑगस्टमध्ये एक दिवस ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. शेजारच्या वर्गातला धरणांचा तक्ता त्यांनी येता-जाता पाहिला होता.

"बाई, तो तक्ता कागदावर निघेल का? मोठा, भिंतीवर लावण्याजोगा?"

म्हटलं, निघेल की. रंगीत काढू का?

"नको, साधा चालेल," सर म्हणाले. "आकड्यांचे रकाने तेवढे कोरे ठेवा. पोरं भरतील."